फिल्टरवरचा पासवर्ड

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत प्रस्तुत लेखक अभ्यासिका चालवतो. दोन मजले, साठ खुर्च्या, जिन्यात पाण्याचा फिल्टर. येणारी मुलं बहुतेक पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडची. चौघांत मिळून खोली घ्यायची, डबा लावायचा आणि स्पर्धा परीक्षेच्या मागे लागायचं. लेक्चर सगळी मोबाइलवर, आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपलेला. या मुलांना खुर्चीइतकंच वाय-फाय लागतं.

पहिले काही महिने सगळं रीतसर चाललं. रोज प्रत्येकाने मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी आला की नेट सुरू. सकाळी सहाला मुलं हातात फोन धरून ओटीपीची वाट बघत दारात उभी. त्यात ज्याचं रिचार्ज संपून बरेच दिवस झालेले, त्याला ओटीपी यायचाच नाही. म्हणजे ज्याला वाय-फायची खरी नड, नेमका तोच बाहेर. एका सकाळी सुरगाण्याची एक मुलगी पाऊण तास तशीच बसून राहिली. "राहू द्या सर, मी पुस्तक वाचते," म्हणाली. त्याच दिवशी लेखकाने ओटीपी बंद केला, कोऱ्या कागदावर जाड मार्करने एकच पासवर्ड लिहिला आणि फिल्टरच्या वर चिकटवून टाकला.

रांग संपली. मुलं खूश. कागद चौदा महिने तिथेच होता.

पण पासवर्ड काही कागदावर बसून राहत नाही. एकाने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन क्यूआर दाखवला की दुसऱ्याचा फोन जोडला जातो. पासवर्ड विचारायचीही गरज नाही. अभ्यासिका सोडून गेलेल्यांच्या फोनमध्ये तो राहतो, त्यांच्या खोलीवरच्या मित्रांकडे जातो. एका रात्री कुलूप लावून लेखक खाली उतरला, तर समोरच्या कट्ट्यावर चार अनोळखी मुलं सिनेमा बघत बसलेली, अभ्यासिकेच्याच वाय-फायवर. राउटरचं पान उघडून पाहिलं, तर साठ खुर्च्यांच्या जागेला शंभराच्या वर उपकरणं जोडलेली होती.

तरीही कागद निघाला नाही. निघाला तो चौकशी आल्यावर. कुणीतरी बनावट खात्यावरून एका मुलीला घाणेरडे मेसेज पाठवले होते आणि माग अभ्यासिकेच्या जोडणीपर्यंत आला होता. आलेल्या अधिकाऱ्याने शांतपणे एकच प्रश्न विचारला, "त्या रात्री पावणेअकराला ही लाइन कोण वापरत होतं?" लेखकाकडे उत्तर नव्हतं. चावी सगळ्यांची एकच, त्यामुळे नोंदीत माणूस दिसत नव्हता. बिल मात्र लेखकाच्या नावाचं होतं. त्या मुलीला न्याय मिळायचा तर एक नाव हवं होतं, आणि ते या कागदाने पुसून टाकलं होतं.

दुसऱ्याच्या वाय-फायचा याहून कितीतरी भयंकर वापर महाराष्ट्राने पाहिला आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग लागला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. त्यानंतर, फेब्रुवारी 2009 मध्ये, दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फायसाठी ओळखपत्र किंवा मोबाइलवरून पडताळणीचे नियम आणले. स्टेशनवर, विमानतळावर आपण ज्या ओटीपीला वैतागतो, त्याच्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

मग सुरगाण्याच्या मुलीचं काय? तिला पाऊण तास ताटकळत ठेवणं हीही चूकच. पडताळणीचा भार कमी व्हायलाच हवा. फक्त तो चावी वाटून कमी करायचा नसतो. एकदा झालेली पडताळणी सगळीकडे चालेल अशी सोय करायची असते.

मोबाइल कंपन्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. सिममध्ये एक गुप्त चावी असते आणि तिची जोडी फक्त मूळ कंपनीकडे. फोन परमुलखात दुसऱ्या कंपनीच्या टॉवरखाली गेला की ती कंपनी मूळ कंपनीला विचारते. तिकडून चावी येत नाही. एक कोडं आणि त्याचं अपेक्षित उत्तर येतं. सिमने तेच उत्तर दिलं की फोन आत. मग फोनला तात्पुरती ओळख मिळते आणि काही काळ तिच्यावरच काम भागतं, दर वेळी मूळ कंपनीला विचारावं लागत नाही.

वाय-फायमध्येही हेच शक्य आहे. नेदरलँड्समधून सुरू झालेली 'एज्युरोम' ही विद्यापीठांची सोय भारतात 'एर्नेट' ही संस्था चालवते. विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला, तरी त्याची पडताळणी त्याची स्वतःची संस्था करते. पाहुणचार करणाऱ्या संस्थेला त्याचा पासवर्ड कधी कळतच नाही. केंद्राने 9 डिसेंबर 2020 ला मंजूर केलेली 'पीएम-वाणी' योजना किराणा दुकानापर्यंत तेच आणू पाहते. ग्राहकाने अ‍ॅपमध्ये एकदा ओळख पटवायची. पुढे वाणीच्या कुठल्याही हॉटस्पॉटवर तीच चालते. दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही. ही योजना गावोगाव पोचायला हवी होती तशी अजून पोचलेली नाही, याचं वाईट वाटतं.

लेखकाने नंतर जे केलं ते कुणालाही जमण्यासारखं आहे. वाय-फायचं नाव एकच ठेवलं, पण प्रत्येक मुलाला स्वतःची वेगळी चावी दिली, एका वेळी दोनच उपकरणं चालतील अशी. बऱ्याच व्यावसायिक राउटरमध्ये ही सोय असते. विकत घेतानाच विचारावं. फी भरली त्या तारखेपासून चावीची मुदत सुरू होते आणि फी संपली की चावी आपोआप बंद. रोजचा ओटीपी गेला, रिचार्जची अट गेली. एक मुलगा सोडून गेला म्हणून उरलेल्या एकोणसाठ जणांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. कोणती चावी कधी वापरली, याची नोंद राहते. 'फास्ट रोमिंग' (एका राउटरवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) चालू केल्यापासून, ती चालणाऱ्या फोनवर तरी, खालून वरच्या मजल्यावर जाताना लेक्चर तुटत नाही. सीसीटीव्ही आणि प्रिंटर वेगळ्या नेटवर्कवर टाकले. वाय-फायच्या जुन्या डब्ल्यूपीए-2 या सुरक्षा पद्धतीत सामायिक पासवर्ड माहीत असलेला माणूस थोड्या खटपटीने शेजाऱ्याची हवेतली वाहतूक वाचू शकतो, म्हणून जिथे सामायिक पासवर्ड उरला तिथे, शक्य असेल तर, 2018 साली आलेलं डब्ल्यूपीए-3 निवडलं.

पंचवटीत लेखकाच्या एका मित्राचं लॉज आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी त्याने रंगकाम काढलंय. गेल्या आठवड्यात काउंटरमागे नवी अ‍ॅक्रिलिकची पाटी दिसली: वाय-फायचं नाव, खाली पासवर्ड, सोनेरी अक्षरांत कोरलेला.

"दादा, ही उतरव," लेखक म्हणाला.

"अरे, कालच बाराशे रुपये दिलेत तिचे!"

मग दोघांनी चहा मागवला, आणि खोलीच्या किल्लीबरोबर चेकआउटपर्यंतच चालणारी चावी कशी द्यायची, ते त्याच्या राउटरवर करून पाहिलं. वीस मिनिटं लागली.

पाटी आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.