अंगणापर्यंत गेलेली शाळा

प्रस्तावना

शाळेचे दार सर्वांसाठी उघडे असते, असे आपण सहज म्हणतो. परंतु दार उघडे असणे आणि प्रत्येक मुलाला त्या दारापर्यंत पोचता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणाला घरी धाकटे भावंड सांभाळावे लागते, कोणाला गुरांमागे जावे लागते. कोणाला शाळेतील भाषा उमगत नाही, तर कोणाला शेजारी बसूच दिले जात नाही. आपल्यापैकी काहींनी हे स्वतः सोसले असेल, आणि म्हणूनच मुक्त विद्यालयाची वाट धरली असेल. तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी ही अडचण दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या त्या कार्याची ओळख या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

इटलीतील मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. कष्टकरी आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी मुले तेथे येत. म्हणजे या शिक्षणपद्धतीचा जन्मच मुळी गरिबांच्या मुलांत झाला. पुढे मात्र ती देशोदेशी पसरली आणि तिची सुबक, महागडी साधने सुखवस्तू घरांतील मुलांच्याच हाती राहिली. विचार गरिबांच्या दारी जन्मावा आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वाढावा, असे जगात अनेकदा घडते!

गुजरातमध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू करून या पद्धतीला भारतीय वळण दिले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी पुढे मुंबईत दादर येथेही बालशिक्षणाचे काम केले. शहरात त्यांचे नाव झाले होते, काम स्थिरावले होते. तरीही खेड्यातील मूल या साऱ्यापासून दूरच आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

याच कामात त्यांना अनुताई वाघ (१९१०-१९९२) येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न बालवयातच झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपून जाई. त्यांनी मात्र शिक्षण घेतले, शिक्षिका झाल्या आणि नोकरी सांभाळून पुढेही शिकत राहिल्या.

बोर्डीचा तो प्रदेश शांत नव्हता. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातील वारली आदिवासी जमीनदारांच्या वेठबिगारीखाली पिचलेले होते. याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. ज्या घरांतील मोठी माणसेच दुसऱ्याच्या मालकीची असल्यासारखी राबत होती, त्या घरांतील तीन वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार कोण करणार?

बालवाडी सुरू झाली, तरी दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे फारशी येत ना. वस्ती दूर होती, आईबाप दिवसभर मजुरीवर असत, अंगावर धड कपडा नसे. शिवाय गावातील जातिभेद होताच. अशा वेळी ‘आम्ही दार उघडे ठेवले, ती आली नाहीत,’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पुष्कळ संस्था तसे म्हणतातही. ताराबाईंनी उलटा मार्ग धरला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे आणि तेथेच मुलांना गोळा करायचे. आधी हातपाय धुणे, अंघोळ, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरणारी म्हणून ती ‘अंगणवाडी’. आज देशभर रुळलेल्या या शब्दाचे मूळ असे एका साध्या अंगणात आहे.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडविला. महागड्या ठोकळ्यांऐवजी शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, बिया आणि बांबूचे तुकडे आले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंतूनही तितकेच चांगले कळतात. यात पैशांची बचत होती, पण तेवढेच नव्हते. आपल्या घराभोवतीची वस्तू शिक्षकाच्या हाती पाहून मुलाला कळते की, आपले घर शाळेला परके नाही. भिंतीवर सफरचंदाचे चित्र लावून जांभळाच्या झाडाखाली वाढलेल्या मुलाला अक्षर शिकविणारे वर्ग आजही दिसतात. त्या मुलाला पहिल्याच दिवशी आपण कमी आहोत असे वाटले, तर दोष त्याचा नव्हे.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे एक नवीच अडचण समोर आली. सहा-सात वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन येई, किंवा भावंडामुळे येतच नसे. तिला रागावून काय उपयोग? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. यालाच ‘विकासवाडी’ म्हणतात. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण आपल्या वर्गात. पाळणाघर तान्ह्यासाठी होते खरे, पण त्याने शाळेचे दार उघडले ते त्या थोरल्या बहिणीसाठी. मुलींच्या शिक्षणावर पुष्कळ भाषणे होतात. मला तो पाळणा अधिक मोलाचा वाटतो.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. मुले जेथे गुरे चारीत, तेथेच शिक्षकांनी जायचे आणि गुरांच्या वेळा सांभाळून शिकवायचे. घंटेप्रमाणे मुलाने चालावे, हा नियम येथे मोडला गेला.

समता म्हणजे सर्वांना अगदी सारखेच देणे, असा अनेकांचा समज असतो. एकच वेळ, एकच जागा, एकच पुस्तक, मग पक्षपात कसला? पण गावातल्या घरातील मुलाला आणि टेकडीपलीकडच्या पाड्यावरील मुलाला सकाळी दहाची एकच वेळ दिली, तर ती दोघांना सारखी पडत नाही. एकाला ती सोयीची असते, तर दुसऱ्याला बाहेर ठेवणारी. भाषेचेही तसेच. घरी वारली बोलणाऱ्या बालकापुढे प्रमाण मराठीच ठेवली, तर ते गप्प बसते आणि शिक्षक त्याला मंद समजतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. आंतरभारतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांनाही या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी राज्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातली. मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा या वयालाच मिळाला. पाया सर्वांत कच्चा असतो त्याच वयाला हक्काचे कवच नाही, ही उणीव लहान नाही.

आणि अंगण मिळाले म्हणजे सारे झाले असेही नाही. खाऊच्या वेळी कोण कोणाच्या शेजारी बसते, चेंडू मुलग्यांकडे आणि भातुकली मुलींकडेच का जाते, चालता न येणाऱ्या मुलाला फेर धरताना कोठे बसवले जाते, हे चार वर्षांचे मूल न बोलता पाहत असते. ताई त्या दिवशी काय शिकवतात यापेक्षा त्या कोणाचा हात आधी धरतात, हे त्याच्या लक्षात राहते.

शब्दार्थ

वेठबिगारी – मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम. पाडा – आदिवासींची छोटी वस्ती. कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा. आवार – इमारतीभोवतीची जागा.

विचार करा व लिहा

आपल्या परिसरातील एखाद्या अंगणवाडीची वेळ, जागा आणि तेथे बोलली जाणारी भाषा पाहा. कोणती मुले तेथे येत नाहीत? ती का येत नाहीत, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा आणि दहा-बारा ओळींत लिहा.