तोया सरोवराकाठी मुक्काम

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन जपानमधल्या तोया सरोवराकाठच्या गरम झऱ्याच्या हॉटेलात राहायचं आहे. ती शाकाहारी आहे, शिवाय चारचौघींत विवस्त्र स्नानाचा तिला संकोच वाटतो. काय करावं?

उत्तर : होक्काइडोतलं हे सरोवर ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलंय; ऐन हिवाळ्यातही ते गोठत नाही. १९१० मध्ये शेजारचा उसू पर्वत उसळला आणि काही वर्षांतच काठावर गरम झरे सापडले. २००० साली तो पुन्हा जागा झाला, पण लोकांना आधीच हलवल्यामुळे कुणाचाही जीव गेला नाही.

स्त्री-पुरुषांची स्नानगृहं सहसा वेगळी असतात. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. पोहण्याचे कपडे सहसा चालत नाहीत. छोटा पंचा पाण्यात न बुडवता डोक्यावर ठेवायचा. संकोच वाटत असेल तर तासाभरासाठी राखून मिळणारं कुंड किंवा स्नानकुंड असलेली खोली आरक्षणाच्या वेळीच मागावी. रक्तदाब असल्यास डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

खरी अडचण जेवणाची. भाज्यांच्या साध्या सारातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘माशाचा अर्कही नको’ हे आधीच लेखी कळवावं.

खोली मात्र तळ्याच्या बाजूचीच घ्यावी. एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, हवामानाने साथ दिली तर, रोज रात्री पाण्यावर आतषबाजी होते.