सांडपाण्यातील क्रोमियम आणि चुंबकीय सूक्ष्मकण

सायकलीच्या हँडलवर जी चांदीसारखी झळाळी दिसते, ती क्रोमियम या धातूच्या पातळ थराची असते. सुटे भाग क्रोमिक अम्लाच्या द्रावात बुडवून विजेच्या साहाय्याने हा मुलामा चढवितात आणि नंतर ते पाण्याने धुतात. पंजाबमधील लुधियाना हे सायकल उद्योगाचे मोठे केंद्र असून मुलामा देणारे लहान कारखाने तेथे पुष्कळ आहेत. शहरातून वाहणारा बुड्ढा नाला पुढे सतलज नदीला मिळतो. धुण्याच्या पाण्यातील क्रोमियम षट्संयुजी रूपात असते. या रूपात ते सहज विरघळते आणि कर्करोगास कारण होऊ शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम नसावे, असे भारतीय मानक सांगते.

हे पाणी शुद्ध करण्याची रूढ रीत भरवशाची आहे. आम्लधर्मी पाण्यात फेरस सल्फेट घालून क्रोमियमला त्रिसंयुजी रूपात आणावयाचे व चुना घालून त्याचा साका बसवावयाचा. परंतु साक्याबरोबर लोखंड आणि चुना यांचाही ढीग साचतो. दोन खोल्यांत कारखाना चालविणाऱ्याने हा विषारी गाळ ठेवावा कोठे, हा खरा पेच आहे.

मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण येथे उपयोगी पडू शकतात. एक ग्रॅम मॅग्नेटाइटच्या घनाकृती खड्याचा पृष्ठभाग जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर भरेल. त्याच ग्रॅमचे १२ नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर पृष्ठभाग सुमारे ९५ चौरस मीटर होतो. आणि प्रदूषक द्रव्य चिकटते ते पृष्ठभागालाच. असे कण बनविणेही फार अवघड नाही. लोहाच्या दोन प्रकारच्या क्षारांच्या द्रावात अमोनिया मिसळून ते तयार करण्याची पद्धत फ्रेंच रसायनज्ञ रने मासार यांनी १९८१ साली वर्णिली.

अडचण असते ती एवढी बारीक पूड पाण्यातून परत मिळविण्याची. गाळणीतून ती निसटते. तिला ओढण्यास फार प्रबळ चुंबक लागेल, असा समज होता. पण २००६ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी, हातात मावणाऱ्या साध्या चुंबकानेही हे कण वेगळे होतात, असे दाखविले. त्यांचा प्रयोग आर्सेनिकवर होता. चुंबक दूर करताच या कणांचे चुंबकत्व लोपते, त्यामुळे ते पुन्हा पाण्यात पसरविता येतात.

तथापि उघडे मॅग्नेटाइट तीव्र अम्लात विरघळते, आणि कोणता पदार्थ धरावा याची निवडही त्याला नीटशी करता येत नाही. म्हणून कणांवर सिलिकाचे कवच चढवून त्याला अमिनो गट जोडतात. आम्लधर्मी पाण्यात या गटांवर धन विद्युत् भार येतो व ऋण भार असलेले क्रोमेट आयन त्यांच्याकडे ओढले जातात. पुढे सौम्य कॉस्टिक सोड्याने धुतले की पकड सुटते आणि कण पुन्हा कामास येतात.

प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावात हे सारे सुरळीत घडते. कारखान्याच्या पाण्यात मात्र सल्फेट आयन त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, दर फेरीगणिक कणांची क्षमता थोडी घटते आणि काही कण वाहूनही जातात. शिवाय क्रोमियम नाहीसे होत नाही. ते थोड्याशा पाण्यात एकवटते एवढेच. त्या पाण्यातून ते शुद्ध करून मुलाम्याच्या हौदात परत न्यावे लागते, नाहीतर त्रिसंयुजी रूपात आणून चुन्याने त्याचा साका बसवावा लागतो. मात्र हौदभर पाण्याऐवजी बादलीभर पाणीच हाताळावे लागते.