*सोयाबीन करार : माल देण्याची तारीख पेरणीवरून काढा*



पेरण्या उरकल्या. आता करारातल्या तारखा अ‍ॅपमध्ये भरायच्या आहेत.

गेल्या वर्षी यात माझीच चूक झाली. खरेदीदाराची शेवटची तारीख मी सगळ्यांच्या नावापुढे तशीच टाकली. उशिरा पेरलेल्यांनी ती गाठायला घाईत मळणी केली, माल ओला निघाला आणि अख्खी गाडी गेटवरून परत आली. ज्यांचा माल वाळलेला होता त्यांचेही पैसे अडकले. म्हणून यंदा प्रत्येकाची तारीख वेगळी.

*तारीख अशी काढा*
१) पेरणीची तारीख + वाणाचे दिवस = कापणी. जेएस ३३५ ला ९५ ते १०० दिवस, फुले संगमला साधारण १०५ दिवस धरा.
२) त्यात कापणी-मळणीचे ४ आणि ताडपत्रीवर वाळवणीचे ३ दिवस मिळवा. ही झाली *नमुन्याची तारीख*.
३) परतीच्या पावसासाठी आणखी ५ दिवस सोडा. ही झाली *माल देण्याची तारीख*.

*उदाहरण : पेरणी २५ जून*
जेएस ३३५ : कापणी ३ ऑक्टोबर, नमुना १० ऑक्टोबर, माल १५ ऑक्टोबर.
फुले संगम : कापणी ८ ऑक्टोबर, नमुना १५ ऑक्टोबर, माल २० ऑक्टोबर.

हे ५ दिवस वाळवणीसाठी आहेत, कापणी लांबवायला नाहीत. पीक पक्व झालं की लगेच कापा, नाहीतर शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात.

*वजनाचं गणित*
करारातलं वजन १२ टक्के ओलाव्याचं आहे. १६ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला की साधारण साडेपंच्याण्णव किलो भरतो. म्हणजे १० क्विंटल द्यायचे तर असा ओला माल जवळपास साडेदहा क्विंटल लागेल. क्विंटलचा आकडा लिहिताना ही घट धरूनच लिहा.

*कागदपत्रांची तारीख वेगळी*
पीक नोंद असलेला ७/१२ मालाच्या दिवशी शोधत बसू नका. ई-पीक पाहणीची मुदत सरकार ठरवतं, ती कंपनीला वाढवता येत नाही. पाहणी वेळेत करा.

अ‍ॅप आठवणीचा मेसेज भरलेल्या तारखेवरूनच पाठवतं. तारीख चुकली की आठवणही चुकणार.

तुमची तारीख खरेदीदाराच्या शेवटच्या तारखेपुढे जात असेल तर *आत्ताच* सांगा. आज दुसऱ्या गाडीचं बोलता येईल. ऑक्टोबरमध्ये सांगितलं तर माझ्या हातात काही नसेल.

*रविवारपर्यंत एवढंच पाठवा :* नाव, गट नंबर, वाण, पेरणीची तारीख, किती क्विंटल देणार. दोन वेळा पेरणी झाली असेल तर दोन्ही तारखा वेगळ्या लिहा. टाइप करणं जमत नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल.

– तुमचा कृषी सल्लागार