सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या साथीत तेथील मुले मोबाईलवर शिकू लागली. पुढे शाळा उघडल्या, पण हातांतला मोबाईल सुटेना. अभ्यासात लक्ष लागेना. मोठी माणसेही टीव्हीसमोर बसत.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही व मोबाईल बंद करायचे. साडेआठला पुन्हा भोंगा होई. मधला दीड तास अभ्यासाचा आणि गप्पागोष्टींचा! सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले.

मोबाईल सोडणे इतके अवघड का? पुस्तकाला शेवटचे पान असते. समाजमाध्यमांना शेवट नसतो. बोट सरकवले की नवे चित्र येते. रात्र सरते, झोप अपुरी होते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. शिवाय लोक बहुधा आपले आनंदाचे क्षणच दाखवतात. ते पाहून ‘माझ्याकडेच काही नाही’ असे वाटते. आपल्या फोटोला कमी पसंती मिळाली की मन खट्टू होते.

डॉ. विवेक मूर्ती हे अमेरिकेचे सर्जन जनरल असताना त्यांनी २०२३ मध्ये इशारा दिला. रोज तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य व चिंता यांचा धोका दुप्पट आढळतो, असे त्यांनी सांगितले.

समाजमाध्यमांचे फायदेही आहेत. दूरच्या नातेवाइकांची खबर कळते, नवी माहिती मिळते. पण वापर किती करायचा, हे आपण ठरवले पाहिजे. एकट्याने मोबाईल ठेवला, तर ‘मित्र काय बोलत असतील?’ अशी हुरहुर लागते. सगळ्यांनी मिळून ठेवला, तर मागे पडण्याची भीती राहत नाही. वडगावच्या भोंग्याचे मर्म हेच आहे.

मुलांनो, मन सतत उदास राहिले तर घरच्यांशी किंवा शिक्षकांशी बोला. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मदतीसाठी आहे.

शब्दार्थ
ठराव – सर्वांनी मिळून केलेला निर्णय
खट्टू – नाराज
नैराश्य – खोल उदासी
हुरहुर – मनाची बेचैनी
मर्म – खरे रहस्य

स्वाध्याय
१. गावाने कोणता ठराव केला?
२. समाजमाध्यमांमुळे झोपेवर काय परिणाम होतो?
३. एकट्यापेक्षा सर्वांनी मिळून मोबाईल ठेवणे सोपे का?
४. ‘इशारा’, ‘खबर’ हे शब्द उर्दूतही आहेत. ते मराठी वाक्यांत वापरा.
५. तुमच्या घरासाठी असा एक नियम पाच ओळींत लिहा.