सामाईक दूरध्वनी आणि संभाषणाची गुप्तता

शाळा, पतपेढी, ग्रामपंचायत अशा अनेक कार्यालयांत दूरध्वनीच्या एकाच तारेवर दोन-तीन यंत्रें जोडलेलीं असतात. त्याच तारेवरून कोणाचा आजार, कोणाचें कर्ज, कोणाच्या मुलाची थकलेली फी यांविषयीं बोलणीं होतात. शहरांत असें ऐकलेलें नांव बहुधा अनोळखी असतें. बोरी बुद्रुकसारख्या गांवांत तें शेजाऱ्याचेंच असतें. म्हणून या तारेचा धर्म व आपला धर्म, दोन्ही समजून घेणें अगत्याचें आहे.

दूरध्वनीची तार म्हणजे तांब्याच्या दोन तारांची जोडी होय. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें तींतील विद्युत्प्रवाह कमी-अधिक होतो व दुसऱ्या टोकास त्याचा पुन्हां आवाज बनतो. याच जोडीवर दुसरें यंत्र जोडलें, कीं त्याचा रिसीव्हर उचलणाऱ्यास दोन्ही बाजूंचें बोलणें ऐकूं येतें. प्रवाह दोन यंत्रांत वांटला गेल्यामुळें कित्येकदां आवाज एकाएकीं मंदावतो. तेव्हां दुसरीकडे कोणी रिसीव्हर उचलला असावा, असें समजावें.

यावर यांत्रिक उपाय आहेत. एका यंत्रावर बोलणें चालू असतां दुसरें तोडणारी कळ बसवितां येते. मोठ्या कार्यालयांत अंतर्गत एक्स्चेंज बसवून प्रत्येक खोलीस स्वतंत्र एक्स्टेन्शन देतात.

मुंबईस १८८२ सालीं एक्स्चेंज सुरू झालें, तेव्हां जोडणी ऑपरेटर हातानें करीत, व मनांत आणल्यास त्यांस बोलणें ऐकतां येई. १८९१ सालीं अमेरिकेंत स्ट्रौजर यांस स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळालें आणि पुढें हा मधला माणूस हळूहळू दूर झाला. १९७१ सालीं आपल्याच जुन्नर तालुक्यांत आर्वी येथें उपग्रह-भूकेंद्र उभें राहिलें व परदेशचें बोलणें आकाशमार्गें येऊं लागलें. मधला माणूस गेला. शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र तेथेंच आहे!

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. दूरध्वनीवरील खाजगी संभाषण हा व्यक्तीच्या खाजगी जीवनाचा भाग होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें. अनधिकारानें संदेश मध्येंच ऐकणें २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें दंडनीय ठरविलें आहे. परंतु प्रत्येक टेबलापाशीं शिपाई उभा करतां येत नाहीं. तेथें मनुष्याची सवयच कामास येते. त्यासाठीं आम्ही कांहीं नियम सुचवितों :

१. रिसीव्हर उचलतांच कोणी बोलत आहे असें कळलें, तर तो तत्काळ हलकेच खालीं ठेवावा.

२. आजार, पैसा किंवा घरगुती अडचण यांविषयीं बोलावयाचें असल्यास, "येथें आणखी माणसें आहेत, मागाहून बोलूं काय?" असें आधीं विचारावें.

३. निरोप ज्याचा त्यासच द्यावा. तो लिहिलेला कागद उघडा टाकूं नये.

४. मोबाईलचा स्पीकर लावण्यापूर्वीं पलीकडच्यास तसें सांगावें.

५. चुकून कानीं पडलेली गोष्ट तेथेंच सोडावी.

दुसऱ्याच्या नांवाचें पाकीट आपण फोडीत नाहीं. बोललेला शब्द हेंही एक पाकीटच आहे. त्यास लाख लाविलेली दिसत नाहीं, इतकेंच. विद्यार्थ्यांनीं ही संवय आजच लावून घ्यावी व पालकांनीं ती घरांत आचरून दाखवावी. तार सामाईक असली, तरी तीवरून जाणारें दुःख एकट्याचें असतें. तें झांकून ठेवणें हाच खरा शेजारधर्म होय.