मागचं ड्रॉपआऊट कोणतं घ्यायचं?

वर्कशॉपमध्ये बनवलेल्या माझ्या पहिल्या फिक्स्ड गियर सायकलचा मागचा भाग कापून पुन्हा जोडावा लागला. मागच्या चाकाचा अॅक्सल ज्या खाचेत बसतो, ते ड्रॉपआऊट मी उभ्या खाचेचं घेतलं होतं. गियरच्या सायकलला ते बेस्ट, कारण तिथे डिरेलर चेनचा ढिलेपणा ओढून घेतो. फिक्स्डला डिरेलर नाही, आणि पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं. उतारावर ढिली चेन उतरून अडकली की चाक जाम, आणि आपण रस्त्यावर!

म्हणून चाक मागे सरकवून चेन ताणता यायला हवी. मागे उघडणारी आडवी खाच घ्या, दूधवाल्याच्या काळ्या सायकलला असते तशी. लांबी किती? चेनचा पिच १२.७ मिमी. कड्यांची एक जोडी, म्हणजे २५.४ मिमी चेन काढली की चाक त्याच्या निम्मं, १२.७ मिमी पुढे येतं; चेन वरूनही जाते आणि खालूनही ना! तेवढा खेळ हवाच, मी तर २० धरतो. मागे एक दात वाढवला तरी साधारण ३ मिमी जातात.

आणि हो, ट्रॅक हबची रुंदी १२० मिमी असते. ब्रेझिंगआधी दोन्ही ड्रॉपआऊटमध्ये अॅक्सल घालून नट आवळा. मी तेही केलं नव्हतं.